शब्द गावात आणला कुणी?

भुजंगराव सरदारांनी पुण्याच्या वर्तमानपत्रात 'उमरावद्वेष्टा' हा शब्द वाचला आणि त्यांना जेवण गोड लागेना. उमरावांचा द्वेष करणारा! काय हे धाडस! दुसऱ्याच दिवशी त्यांनी दवंडी पिटवली, की 'उमरावद्वेष्टा' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही आणि ज्यानं तो गावात आणला असेल, त्याला हद्दपार केलं जाईल.

आठवडाभरात मथुरा कासारणीला पकडून आणलं. सरदारांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचा रिवाज तिनं मोडला होता.

"तूच ती उमरावद्वेष्टी! हा शब्द गावात कुणी आणला? नाव सांग, नाहीतर तूच गाव सोड."

"सांगते की, सरकार. आम्हा अडाण्यांना असला शब्द कुठला ठाऊक? उन्हात पाय भाजायचे, आम्ही मुकाट सोसायचो. मग तुमची दवंडी आली. अख्ख्या गावानं मास्तरांना अर्थ विचारला. पुष्कळांना तो आवडला."

"म्हणजे आणला कुणी?" सरदार ओरडले.

"आपणच, सरकार. हद्दपारीचा हुकूमही आपलाच. सामान बांधायला आम्ही बायका येऊ का?"

मथुरा चपला घालूनच घरी गेली. संध्याकाळी पुन्हा दवंडी पिटली गेली, की आधीची दवंडी झालीच नव्हती.