माळ्याची शिडी

"मग त्या पोरीला माळ्यावरून खाली कुणी उतरवलं?"

आक्कांनी हे विचारलं तेव्हा त्या संध्याकाळच्या आमटीसाठी पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

"कुणीच नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "तिथंच कादंबरी संपते. पोरगी वर, शिडी काढलेली, खाली पंगत. फार धाडसी शेवट आहे."

कृष्णाकाठचा आमचा मठ लहान. आक्का मठाच्या प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर, पण रागवायचं असलं तरी आधी हसून घेणार. हेमलता रणपिसे पुण्याच्या लेखिका. सहाशे चार पानांचं बाड मांडीवर घेऊन त्या सकाळपासून बसल्या होत्या. मी शेजारीच पत्रावळ्या पुसत होतो. कान बंद करता येत नाहीत, म्हणून सगळं ऐकलं.

गोष्ट त्यांच्याच घरची. आई गेली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. वडील तापट. पोर रडली की तिला माळ्यावर चढवायचे आणि शिडी काढून घ्यायचे. आईच्या तेराव्यालाही त्यांनी तेच केलं. खाली भावकी गोडाचं जेवली. खिरीचा वास वर येत होता. पोरगी कुठं आहे, हे एकानंही विचारलं नाही.

मला त्या भावकीचा असा संताप आला की हातातली पत्रावळ फाटली.

"सगळं लिहून काढलं, आक्का. एक अक्षर लपवलं नाही. वडलांनाही जाऊन नऊ वर्षं झाली. तरी..."

"तरी काय?"

"अजून मला पंगतीत बसवत नाही. लेकाच्या लग्नातसुद्धा मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले. वाटलं होतं, लिहिलं की सुटेन. नाही सुटले."

आक्कांनी एक शेंग सोलली. किडका दाणा कोंबडीकडे टाकला.

"शेवट आवडला का लोकांना?"

"ज्यांनी वाचला त्या सगळ्यांना."

"आणि पोरीला?"

हेमलताबाई हसल्या. "आक्का, पोरगी म्हणजे मीच की."

"तू तर हितं खाली बसलीयास."

...

तेवढ्यात दुपारच्या जेवणाची घंटा झाली.

आम्ही वीसेक माणसं पंगतीला बसलो. त्या दिवशी गव्हाची खीर होती. हेमलताबाई दाराशीच थांबल्या. "तुम्ही बसा. मी नंतर घेईन."

मठाचा एक नियम आहे. शेवटच्या पानात वाढून होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही. वाढून झालं. आम्ही आक्कांकडे बघत राहिलो.

आक्कांनी आपल्या शेजारी एक रिकामी पत्रावळ मांडली.

"एक माणूस यायचंय," त्या म्हणाल्या.

"कोण?" आमच्या शंकरअप्पांनी विचारलं. त्यांना भूक अजिबात सोसत नाही.

"माळ्यावर हाय."

मठालाही माळा आहे. तिथं आम्ही पत्रावळ्यांचे गठ्ठे ठेवतो. सगळ्यांनी माना वर केल्या. गठ्ठेच होते.

आक्का गुडघ्यावर हात देत उठल्या. ओसरीतली शिडी ओढत आणली, माळ्याला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मी उठायला लागलो तर मला डोळ्यांनीच खाली बसवलं.

कुणीतरी फिसकन हसलं. हेमलताबाईंचा चेहरा लाल झाला.

"आक्का, माझ्या दुःखाची अशी थट्टा करू नका."

"थट्टा न्हाई. खीर निवायला लागली."

"वर कुणी नाही!"

"मग तू रडतीयास कशापायी?"

खरंच, त्या रडत होत्या. त्यांना स्वतःलाही ते तेव्हाच कळलं असावं.

...

शंकरअप्पासुद्धा खिरीकडे बघायचे थांबले.

"माझं हात भरून आलं गं," आक्का म्हणाल्या. "येऊन धर की जरा."

हेमलताबाईंनी बाड उंबऱ्यावर ठेवलं. त्या पुढं आल्या आणि शिडीची दुसरी बाजू धरली. वर बघत राहिल्या. पंगतीतून आम्ही वीस माणसं त्यांच्याकडे बघत होतो, पण त्यांना आमचं भान नव्हतं.

"ये गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ये खाली. जेवायचं थांबलेत सगळे."

मग पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, "तुझ्यासाठी थांबलेत."

आक्कांनी शिडी सोडली आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. हेमलताबाई थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग पदरानं तोंड पुसत आल्या आणि त्या रिकाम्या पानावर बसल्या. मी वाढायला धावलो. घाईत खीर पानाबाहेर सांडली. आक्का म्हणाल्या, "वाढ, वाढ," आणि पंगत सुरू झाली.

हेमलताबाईंनी खिरीचा पहिला घास खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला शंकरअप्पांनी त्यांच्याशी तुपाच्या वाटीवरून वाद घातला, आणि त्या चक्क हसल्या. वाटीही त्यांनीच पळवली.

पान निम्मं संपल्यावर त्या आक्कांकडे वळल्या.

"आता शेवट बदलावा लागेल, आक्का. छापायला चारच दिवस आहेत. काय लिहू?"

आक्कांनी खिरीचं पातेलं पुढं ओढलं.

"त्ये मागनं बघू. आधी तिला इचार, आनखी वाढू का?"