बाहेरगावची बदकं

“मेस्त्रीनू, येक सांगा. माल भायर जाऊक लागलो म्हणान आमचो हात सुधारलो, की हात सुधारलो म्हणान माल भायर गेलो?”

तातू मेस्त्री ओटीवर पान कुटत बसले होते. दात कधीच गेले होते बिचाऱ्यांचे. सावंतवाडीत उभा जन्म लाकडी खेळणी करण्यात गेला. विचारणारा विश्राम त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता स्वतःचा कारखाना, माल थेट जर्मनीला. बोलण्यात थोडा तोरा यायचाच.

“तुका काय वाटता?”

“भायरच्यांनीच शिकवल्यानी! पयलो माल परत धाडल्यानी. म्हणे कड टोचता नये, रंग चाटलो तरी बाधता नये.”

मेस्त्री गालातल्या गालात हसले...

आणि विश्रामला एकदम ती पत्र्याची शेड आठवली. पांगाऱ्याच्या ओल्या लाकडाचा वास. तयार झालेलं खेळणं मेस्त्री त्याच्या गालावरून फिरवायचे. जरा टोचलं की, “परत घास!” मनातल्या मनात काय शिव्या घातल्या होत्या त्याने! पण काय दिवस होते ते! त्याला भरून आलं.

“ताच तुमी सांगी होतास...” तो पुटपुटला.

“ता जाऊ दे. आज कित्याक इलंस?”

विश्रामचा आवाज खाली आला. “ऑर्डर बंद झाली. आता माल हयच्याच जत्रांनी इकतलंय. घासकामाच्या बायकांका उद्यापासून येव नको म्हणतंय. मालतीकाकी तर तुमच्या येळची... पण जत्रेचो माल येवढो घासून कोण बघता? तुमी हो म्हणा, माझो जीव मोकळो होयत.”

मेस्त्रींनी हात पुढे केला. “दाखव.”

विश्रामने पिशवीतून जत्रेसाठी केलेलं बदक काढून दिलं.

मेस्त्रींनी चूळ भरली. आणि त्या ऐंशीच्या म्हाताऱ्याने बदकाची चोच चक्क तोंडात घातली! तान्ह्या पोरासारखे चोखत बसले.

“अवो मेस्त्रीनू! काय करतास! रंग कच्चो आसा!”

बोलला, आणि विश्रामने जीभ चावली.

मेस्त्रींनी बदक बाहेर काढलं. ओठ पिवळे झाले होते. खालच्या ओठात लाकडाचं कुसळ घुसलं होतं. त्यांनी ते सावकाश उपटून काढलं.

विश्रामची मान वर होईना.

“ऑर्डर थांबली म्हणतंस...” मेस्त्री म्हणाले. “आमच्या हयची पोरां थांबली काय रे जन्माक येवची?”