मरजानचा हात

फार वर्षांपूर्वी, म्हणजे निवेखारला पूल नव्हता, एसटी नव्हती आणि आज तिथं काठी टेकत फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पणज्यांचेही पाळणे हलले नव्हते, त्या काळात तिथल्या खाडीवर मरजान नावाचा सिद्दी तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायचा. या काठाची माणसं त्या काठाला न्यायची आणि तिकडची इकडे आणायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या आजोबाला परक्यांनी समुद्रापलीकडून जहाजाच्या पोटात कोंडून आणलं होतं. मरजान मात्र याच चिखलात जन्मला, याच पाण्यात पोहायला शिकला आणि गावासारखंच हेल काढून बोलायचा. तरी गावाच्या लेखी तो हबशीच.

होडी धक्क्याला लागली की मरजान आधी खाली उतरायचा, गुडघाभर चिखलात उभा राहायचा आणि उतरणाऱ्यांना आधाराला हात द्यायचा. कोणी तो हात धरत नसे. माणसं घसरत, पडत, लुगडी-धोतरं चिखलात माखून घेत, पण त्या काळ्या हाताला शिवत नसत. होडी चालायची, वल्हं चालायचं, हात तेवढा चालायचा नाही. आहे की नाही गंमत? मरजान पुढच्या खेपेला पुन्हा हात पुढे करायचा.

त्याच्याकडे आजोबाचा लाकडी ढोल होता. पौषात खाडीवर धुकं उतरलं की मरजान काठावर बसून तो वाजवायचा, म्हणजे बाहेर मासेमारीला गेलेल्या होड्यांना काठ कुठे आहे ते कळायचं. दोन ठोके, थोडं थांबून तिसरा. तो दमला की त्याची बायको जैनब वाजवायची. तिचा तिसरा ठोका नेहमी उशिरा पडायचा आणि मरजान त्यावरून तिला हसायचा.

आता गावाची अक्कल बघा. धुकं यायचं म्हणून ढोल वाजायचा. पण घरात दार लावून बसलेल्यांना आधी ढोल ऐकू यायचा, मग ते दार उघडायचे आणि धुकं बघायचे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. हबशी ढोल वाजवून धुकं बोलावतो, असं एकानं म्हटलं आणि गावानं ते उचललं. मग कुणाची गाय मेली तरी ढोल, कुणाचं पोर तापलं तरी ढोल.

एकदा भर दुपारी गावचा हिरोजी नाखवा दहा-बारा माणसं घेऊन मरजानच्या धक्क्यालगतच्या झोपडीवर आला. मरजान तेव्हा होडी घेऊन पलीकडच्या काठाला गेला होता. ढोल फोडायची मात्र कुणाची छाती झाली नाही. फोडला तर आतलं भूत बाहेर पडेल, अशी त्यांना भीती. म्हणून ढोलाला दगड बांधून तो खाडीत बुडवायचं ठरलं. जैनब ढोलाला मिठी मारून बसली. हिरोजीनं तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती धक्क्याच्या दगडावर पडली आणि तिचं डोकं फुटलं. ढोल बुडाला, माणसं मान खाली घालून घरी गेली.

जैनब तीन दिवस जगली. शेवटी तिनं मरजानला जवळ बोलावलं.

"धुका आला का वाजव," ती म्हणाली.

"कशावर वाजवू? आनि कोनासाठी? ह्यांच्यासाठी?"

"पान्यात हाय तो मानूस देवाचा. त्याचा गाव इचारू नको."

काठावरच्या उंडीच्या झाडाखाली त्यानं तिला पुरलं. माती द्यायला गावातलं कोणीही आलं नाही.

आठ दिवसांनी धुकं उतरलं. तसं धुकं निवेखारनं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही, असं म्हणतात. एरवी उन्हं वर आली की ते विरायचं, हे मात्र दुपारीही हललं नाही. कोंबडे आरवले नाहीत. विहिरीत टाकलेल्या घागरीचा आवाज आला नाही. माणसं अंगणात उभी राहून हाक मारत आणि त्यांची हाक त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसे. आणि हिरोजीचा मचवा आठ माणसांसह बाहेर दर्यात होता. त्यात त्याचा एकुलता एक मुलगा भिवा होता.

एक दिवस गेला, दुसरा गेला. हिरोजी धक्क्यापर्यंत यायचा आणि मरजानच्या झोपडीकडे बघून परत फिरायचा. कोणत्या तोंडानं विचारणार?

मरजानला सगळं ठाऊक होतं. मरू देत, असं त्याच्या मनात आलं. एकदा नाही, शंभरदा आलं. त्याचा पोरगा बुडू दे, म्हणजे त्याला कळेल. तो नमाजाला बसला, पण ओठांवर दुआ येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला देवाला काय सांगावं ते सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला ठोके ऐकू आले.

आवाज काठावरून येत नव्हता, पाण्याखालून येत होता. दोन ठोके. मग शांतता. मग उशिरा पडलेला तिसरा. तो पाण्याशी गेला. खाडीचं पाणी हलत नव्हतं, पण पायाखालचा चिखल ठोक्यागणिक थरथरत होता. पुन्हा दोन, आणि पुन्हा उशिरा तिसरा. मरजान तिथं उभा राहून लहान मुलासारखा रडला.

मग त्यानं आपली होडी काठावर ओढून पालथी घातली आणि बिस्मिल्ला म्हणून तळव्यांनी तिच्या पाठीवर ठोके द्यायला सुरुवात केली. पाण्याखाली एक ठोका, काठावर एक ठोका. संध्याकाळ झाली, तळव्यांची सालं निघाली, फळ्या लाल झाल्या. तो थांबला नाही. आवाज ऐकून हिरोजी आला, मागून गाव आलं. जवळ जायचं धाडस कोणी केलं नाही.

अंधार पडायच्या आत धुक्यातून मचवा आला. आठच्या आठ माणसं होती. भिवा खाली उतरला.

"दोन ढोल वाजत होते," तो म्हणाला. "एक काठावर. दुसरा आमच्या मचव्याखाली, आमच्यासंगती चालत होता."

मुलाला बघून हिरोजी पाण्यात धावला आणि चिखलात कमरेपर्यंत रुतला. जितकी धडपड करावी तितका खाली जाऊ लागला. त्याच्या सर्वांत जवळ मरजान होता. मरजाननं हात पुढे केला. तोच हात, आता सोललेला, रक्तानं माखलेला.

हिरोजीनं हात धरला नाही. "या हातांनी मी तुजी बायको मारली," तो म्हणाला.

"ठावं हाय मना."

"मग सोड मना इथंच."

"माफ कराया अजून जमत नाय, नाखवा," मरजान म्हणाला. "पन हात धर. चिखल खोल हाय."

हिरोजीनं हात धरला. वर आल्यावरही त्याला तो सोडवेना. हात धरूनच त्यानं विचारलं, "का वाजवलास?"

"माज्या आजोबाचा जहाज धुक्यात फुटला तवा या काठावर कोनीतरी पालथी होडी बडवत होता. त्या आवाजावर आजोबा पोहत आला. धुक्यात त्याला मानसाचा तोंड दिसला नाय. त्यो कोन ते आमाला कंदी कळला नाय. तुमच्यातलाच असंल कोनीतरी."

आपल्या घरातलाच कोणी तो असेल का, हे प्रत्येक जण मनात चाचपू लागला.

मरजानचे हात बरे होईपर्यंत हिरोजीनं त्याची होडी चालवली. रोज वल्हं मारायचा आणि रोज उंडीखाली जाऊन बसायचा. मरजान त्याच्याशी बोलत नसे. जैनबच्या चाळिसाव्याला सगळं गाव मूठमूठ माती घेऊन कबरीवर आलं. सर्वांत मागे हिरोजी होता. मरजाननं त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि एवढंच म्हणाला, "केला माफ. तिनं आधीच केलता, मना उशीर झाला." त्या दिवसापासून होडीतून उतरणारा प्रत्येक जण मरजानचा हात धरूनच उतरू लागला.

म्हातारपणी एका पौषात मरजान धुक्यात होडी घेऊन गेला. सकाळी होडी आली, तो आला नाही. जैनबचा ढोल त्याला ऐकू आला, असं म्हणतात.

आजही पौषातलं पहिलं धुकं उतरलं की निवेखारची माणसं काठावर होडी पालथी घालतात आणि नुसत्या तळव्यांनी ठोके देतात. दोन ठोके, आणि उशिरा तिसरा. पहिला ठोका नाखव्याच्या घरातल्या माणसाचा असतो. आता पूल झालाय, माणसं नेणारी होडी बंद पडून जमाना लोटला. पण एसटी पुलावरून जुन्या धक्क्याजवळ आली की म्हातारी-कोतारी खिडकीतून हात बाहेर काढतात. धुकं असलं तर तो हात ओला होऊन आत येतो. दव असतं, असं शिकलेले सांगतात. असेल. नाखव्याच्या घरचे मात्र तो हात पुसत नाहीत.