मॅक्फरलन साहेबाचं इंग्रजी

वडगिरी संस्थानात मॅक्फरलन नावाचा स्कॉटिश रेसिडेंट होता. तो इंग्रजी बोलायला लागला की तोंडात गरम बटाटा धरून कुणाशी तरी भांडतोय असं वाटायचं. त्याची लंडनची मडम शेजारी बसून मान हलवायची. दुभाषी विसाजीपंतही मान हलवायचे आणि महाराजांना मराठीत सुचेल ते सांगायचे. अशी तीन वर्षं गेली.

एकदा भर दरबारात साहेबाने शिकारबंदीचा हुकूम दिला. पंत म्हणाले, "साहेबांना आंबे हवेत." लगेच टोपली आली.

टोपली बघून साहेब मोडक्या हिंदुस्थानीत कडाडला, "इसको अंग्रेजी नहीं आता! निकालो इसको!"

पंत हात जोडून म्हणाले, "महाराज, साहेब काय बोलले ते मडमसाहेबांनी सांगावं. त्यांना कळलं असेल, तर मी पगडी उतरवून घरी जातो."

मडम लाल झाली. मग स्वच्छ लंडनी इंग्रजीत म्हणाली, आणि ते मात्र सगळ्या दरबाराला कळलं, "मला लग्नापासून काहीच कळलेलं नाही. हे पंत मान हलवतात, म्हणून मी हलवते."

"आणि मी यांच्याकडे बघून हलवतो," पंत म्हणाले.

महाराज चाट पडले. "अहो पंत, साहेबाचा एकही हुकूम कुणाला कळला नाही, मग तीन वर्षं संस्थान इतकं सुरळीत चाललं कसं?"

"म्हणूनच चाललं, महाराज!"

त्यावर साहेब संतापून इंग्रजीत बराच वेळ बोलला. पंतांनी आणि मडमने एकमेकांकडे बघून मान हलवली.