सुरणाचे काप

“तांदळाचं पीठ की रवा, एवढंच सांगा बुवा. मग मी निघतो.”

हेरंब सामंत उंबऱ्यातूनच बोलला. एका मोठ्या हॉटेलात तो मुख्य आचारी होता, हाताखाली चौदा माणसं. कुणाला काही विचारायची सवय सुटलेली, त्यामुळे हा प्रश्नही हुकूम सोडल्यासारखाच निघाला.

गणूबुवा मठाच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर बसले होते. साठ वर्षं मठाची चूल त्यांच्याकडे. लोक त्यांच्या पाया पडायला येत आणि बुवा त्यांना नारळ खवायला बसवत.

“कशाला?”

“सुरणाच्या कापांना. माझी आई लग्नाआधी उत्सवाला इथे राबायला यायची. काप तुमच्याकडेच शिकली म्हणायची.”

“सुमती… हो. फार बोलायची.”

हेरंब उंबऱ्यातून आत आला.

“ती जाऊन पाच महिने झाले, बुवा. तेव्हापासून बाबा जेवतच नाहीत. दोन घास खातात नि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. पण पार वाळलेत हो… परवा आपण होऊन म्हणाले, सुमतीच्या हातचे काप खावेसे वाटतात.”

“मग करून घाल.”

“नऊ वेळा केले! रवा लावून केले, पीठ लावून केले, दोनदा तळून पाहिले. मी, ज्याच्या हातचं खायला लोक रांग लावतात…”

“बाबा काय म्हणाले?”

“‘छान झालेत’ म्हणाले. आणि ताट सरकवलं.”

बुवांनी सुरणाची फोड आणि विळी त्याच्यापुढे सारली.

“चीर.”

हेरंबने चिरलं. एकेक काप असा की मोजपट्टी लावून घ्यावी. बुवांनी ते आमसुलाच्या पाण्यात टाकले, निथळले, मीठ-हळद-तिखट चोळलं. मग एका वाडग्यातलं पीठ आणि दुसऱ्यातला रवा एकत्र केला.

“म्हणजे दोन्ही?”

“आज दोन्ही आहे घरात.”

बुवांनी त्याला चुलीजवळ पाटावर बसवलं. तव्यावर तेल सोडलं आणि त्यात एकच काप ठेवला.

“एकच?”

“खाणारा एकच आहे.”

काप तांबूस झाला. बुवांनी तो उचलून थेट हेरंबच्या तळहातावर ठेवला.

“बुवा, भाजतंय!”

“खा मग.”

कुर्रकन आवाज झाला. हेरंब चावायचा थांबला… मग सावकाश चावू लागला.

“आणखी?”

“होतोय. घाई कसली?”

तव्यावर दुसरा काप चुरचुरत होता. वाट बघण्यापलीकडे करायला काही नव्हतं, तेव्हा हेरंब बोलू लागला.

“बाबा शाळेतून आले की कपडेसुद्धा बदलायचे नाहीत. तडक चुलीपाशी. आई म्हणायची, अहो, थांबा, तोंड भाजेल. ते कसले थांबतात! एक काप खायचे नि हेडमास्तरांची कागाळी सांगायचे. दुसरा होईपर्यंत आईने शेजारच्या वहिनींचं काढलेलं असायचं. मग भांडण. मग हसणं… पीठ संपलं तरी गप्पा संपायच्या नाहीत.”

बुवा काप देत होते, हेरंब खात होता. किती खाल्ले ते त्यालाही कळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

“हुबेहूब आईच्या हातचे! काय घातलंत यात?”

“तू घालतोस तेच. चिरलेसही तूच.”

“मग माझेच का…?”

बुवांनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

“बाबा जेवतात कुठे?”

“आतल्या खोलीत. मी सगळे काप एकदम करतो, ताट नीट मांडतो, गार होऊ नये म्हणून वर झाकण घालतो नि कामाच्या बाईंबरोबर आत पाठवतो.”

“आणि तू?”

“मी स्वयंपाकघरात. ओटा आवरायचा असतो ना…”

बोलता बोलता हेरंबची नजर तव्यावरून आपल्या तळहाताकडे गेली.

…

बुवांनी तव्यावर आणखी एक काप सोडला.

“ऊठ,” बुवा म्हणाले.

तो उठला. त्याच्या बुडाखालचा पाट बुवांनी उचलला, पंच्याने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

“हा घेऊन जा. शेगडीजवळ मांड.”

हेरंबने पाट छातीशी धरला. दारापर्यंत गेला आणि तिथेच अडखळला. हुशार माणूस, त्याला अडचण आधी दिसते.

“पण बुवा, बाबांचे गुडघे गेलेत. त्यांना खाली बसताच येत नाही.”

बुवांनी तव्यावरचा काप उलटला.

“मग खुर्ची ठेव.”