पंचामृताचा मध

राजोपाध्येसाहेब मध खरेदी करणाऱ्या संस्थेतले मधमाश्यांचे मोठे तज्ज्ञ. पेटी उघडली की मात्र आधी गाडीत बसायचे. काच बोटभर खाली करून त्यांनी मधपाळ तानूबाई ढेब्यांना लेखी हुकूम दिला. “सगळ्या पेट्यांत आमचं औषध घाला, नाहीतर संस्था तुमचा मध घेणार नाही.”

“माझ्या माश्या बिनऔषधाच्याच धडधाकट आहेत, साहेब. मधात उतरलं म्हणजे?”

“अंशसुद्धा उतरत नाही!”

निघताना साहेबांनी घरच्या सत्यनारायणासाठी मध मागितला. तानूबाईंनी बाटली पुढे केली. “गेल्या हंगामात एका पेटीत तुमचं औषध घालून पाहिलं होतं, त्यातलाच आहे.”

“छे, छे! देवाला बिनऔषधाचा द्या.”

“देते की. तेवढं हे वाक्य हुकमाखाली लिहून सही करा.”

साहेबांनी हुकूम परत घेऊन खिशात घातला. बाटली बिनऔषधाचीच नेली.