पांढऱ्या पायरीचा जन्म

एका राज्यात दगडाला विचारल्याशिवाय कुणी घाव घालत नसे. पाथरवट आधी दगडावरून ओला तळवा फिरवी, बोटाने तीनदा ठोके आणि म्हणे, "बाबा, तुझा जन्म कुठला?" दगड उत्तर देई. कुणी खणखणीत, कुणी पुटपुटत. मगच छिन्नी लागे.

येसाई त्या राज्याची मुख्य पाथरवट. पन्नाशीची, रुंद पंजाची, कमी बोलणारी. तिच्या हातून एकदाच चूक झाली. नव्या सिंहासनाचा सोहळा दोन दिवसांवर आला होता आणि त्याची पायरी तयार नव्हती. गाडीवानांनी कुठूनसा एक शुभ्र दगड आणून टाकला. प्रधान डोक्यावर उभा. "येसाई, आता दगडाशी गप्पा नकोत." तिने विचारले नाही. दगडाचा एक कोपरा तुटका होता, तो घासून गोल केला आणि पायरी बसवली.

सोहळ्याच्या दिवशी राजा धीरसेनाने त्या पायरीवर पावले ठेवली, ती पुन्हा उचललीच गेली नाहीत. दोन्ही पावले दगडाची झाली होती. भर सभेत डोंगरात राहणारा, दगडांची बाजू राखणारा मांत्रिक अश्मकेतू प्रकटला.

"दगड न विचारता घेतलात. आता दगड राजाला घेईल, रोज चार बोटे. उतारा एकच. आगीत जन्मलेला, पाण्यात जन्मलेला आणि दोनदा जन्मलेला, असे तीन दगड राजाच्या पायाशी हवेत. प्रत्येकाने आपला जन्म स्वतः सांगावा."

प्रधानाने धावत जाऊन भट्टीतली वीट आणली. अश्मकेतू म्हणाला, "प्रधानजी, ही नुसती भाजली आहे."

येसाई पुढे झाली. "महाराज, चूक माझ्या हाताची. मी जाते."

"जा," राजा म्हणाला. "पण लवकर ये. उभ्याने मला झोप लागत नाही."

माळावर खड्यांमध्ये टिटवीची अंडी होती. येसाई ती ओलांडून गेली.

"थांब," टिटवी म्हणाली. "सगळे तुडवून जातात. तुला दिसली कशी?"

"खडे आणि अंडी मला वेगळी कळतात, बाई."

"मग चल. दगडांच्या वाटा मला ठाऊक आहेत."

"आणि अंडी?"

"नवरा बसेल. त्याला दुसरे काम काय?"

पहिल्या डोंगरात अग्निनाग राहत होता. त्याने शंभर दगड समोर मांडले. "यातला माझा कोणता?" येसाईने एक काळा, जड दगड उचलला. त्याच्या अंगभर बारीक भोके होती. तिने विचारले. दगड म्हणाला, "मी पृथ्वीच्या पोटातला उकळता रस. वर आलो, वारा लागला, थिजलो. माझे बुडबुडे आतच राहिले." नागाने फणा खाली केला. "ने त्याला."

दुसरे होते आटलेले तळे. तिथली जलदेवता आसरा म्हणाली, "माझे लेकरू न फोडता दाखव." येसाईने जवळच्या झऱ्याचे ओंजळभर पाणी आणले आणि प्रत्येक दगडावर थेंब सोडला. सगळ्यांवरून थेंब ओघळले, एका तांबूस दगडाने मात्र तो पिऊन टाकला. तिने ठोकले. "मी वाळू," तो म्हणाला. "नदीने आणले, तळाशी निजवले. वर थर, त्यावर थर. दबत दबत घट्ट झालो. माझ्या मधल्या थरात एक मासा आहे, त्याला उठवू नका." येसाईने तो पदरात गुंडाळला.

तिसरी जागा होती महापर्वताच्या खाली. एक म्हातारा राक्षस सारा पर्वत खांद्यावर तोलून उभा होता.

"दोनदा जन्मलेला दगड?" तो कण्हला. "एकच होता माझ्यापाशी. गुहेच्या पलीकडच्या तोंडाने माणसे आली आणि घेऊन गेली. माझे हात अडकलेले, मी काय करणार?"

टिटवी ओरडली, "मग संपले! राजाच्या छातीपर्यंत दगड चढला असेल."

येसाई राक्षसाच्या पायाशी वाकली. दगड काढून नेलेल्या रिकाम्या खोबणीत तिने हात घातला. तीन हात लांब, दीड हात रुंद. डाव्या अंगाला एक तुकडा तसाच चिकटून राहिला होता, कोपऱ्याएवढा. तिने तो चाचपला, बोटांनी मापला.

"टिटवीबाई, हा कोपरा जिथून तुटला, ती जागा मी घासली आहे. तो दगड राजाच्या पायाखाली आहे."

ती परतली तेव्हा राजाला श्वास घेणे जड जात होते. येसाईने दोन्ही दगड त्याच्या पायाशी ठेवले. त्यांनी आपापला जन्म पुन्हा सांगितला, तसा तिने पायरीवरून ओला तळवा फिरवला. तिने तीनदा ठोकले.

"बाबा, आधी विचारायला हवे होते. चुकले. तुझा जन्म कुठला?"

मग पायरी म्हणाली, "मी समुद्रातल्या शिंपल्यांचा चिखल. थराथराने दगड झालो, तो पहिला जन्म. मग डोंगर अंगावर आला. खालून धग, वरून भार. वितळलो नाही, पण कण न् कण बदलला. असा पांढरा झालो, तो दुसरा. पायरी व्हायला माझी ना नव्हती. फक्त कुणी विचारले नाही."

राजाने मोठा श्वास घेतला. छाती सुटली, कंबर सुटली, गुडघे सुटले. शेवटी पायाची बोटे हलली आणि तो तिथेच पायरीवर मटकन बसला.

"येसाई," तो म्हणाला, "जरा बसू दे. याला विचार ना, चालेल का?"

"चालेल," पायरी म्हणाली. अश्मकेतूने मान डोलावली आणि तो आपल्या डोंगराकडे निघून गेला.

काळा आणि तांबूस दगड, त्यांना विचारूनच, पायरीच्या दोन बाजूंना बसवले. टिटवी माळावर परतली तेव्हा अंड्यांतून पिले निघाली होती. आणि त्या दरबारात रोज सकाळी प्रधान ओल्या हाताने पायरी पुसतो, तीनदा ठोकतो. दगडाशी त्याच्या गप्पा इतक्या रंगतात, की दरबार भरायला उशीर होतो.